आइस हॉकी: आधी वेग, मग नियम

आइस हॉकीचा सामना पहिल्यांदा बघायला बसलेल्या माणसाची तक्रार ठरलेली असते: काय चाललंय तेच कळत नाही. पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, नजरेला सापडेपर्यंत दुसरीकडे गेलेला असतो, खेळ चालू असतानाच तीन जण भिंतीवरून उड्या मारून आत येतात आणि तीन जण बाहेर पडतात, मध्येच शिट्टी वाजते आणि सगळे निमूटपणे दुसऱ्याच टोकाला जाऊन उभे राहतात. तक्रार रास्त आहे. नियमांची यादी वाचूनही ती फारशी मिटत नाही, कारण यादीतले नियम एकमेकांपासून सुटे वाटतात. त्यापेक्षा प्रत्येक नियमापाशी थांबून एवढंच विचारावं, हा नियम नसता तर काय झालं असतं? आइस हॉकीत या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ दर वेळी एकाच ठिकाणी पोचतं. बर्फावर वेग इतका सहज मिळतो, की त्याला आवर घातला नाही तर खेळ म्हणून काही उरणारच नाही.

वेग येतो कुठून

बुटाखालच्या स्केटचं पातं साधारण तीन मिलिमीटर जाड असतं. खालून ते सपाट नसतं. धार लावताना त्याच्या मधोमध लांबीभर एक उथळ खोबण पाडतात, त्यामुळे दोन्ही कडांना एकेक धार तयार होते. पाय सरळ ठेवला तर पातं बर्फावरून जवळजवळ विनासायास सरकतं, आणि किंचित तिरका केला की तीच धार बर्फात रुतून बसते. म्हणून स्केटिंग करणारा पाय मागे मारत नाही, तिरका बाहेरच्या बाजूला रेटतो. थांबायचं असेल तर दोन्ही स्केट एकदम आडवे फिरवायचे. कडा बर्फ खरवडतात, पांढरा भुगा उडतो आणि भरधाव आलेला माणूस काही पावलांच्या अंतरात जागच्या जागी उभा राहतो. बचावपटू तर समोरच्यावर नजर ठेवून उलट्या दिशेने, पाठ पुढे करून तितक्याच सफाईने घसरत जातात. मला या खेळातलं सगळ्यात अवघड कसब हेच वाटतं. अव्वल पातळीवरचे चपळ खेळाडू ताशी ३५ किलोमीटरच्या पुढे जातात.

पक म्हणजे कडक रबराची चकती. व्यास ३ इंच, जाडी १ इंच, वजन साधारण १५६ ते १७० ग्रॅम. सामन्याआधी पक गोठवून ठेवतात, कारण कोमट रबर उसळ्या मारतं आणि गार पक बर्फाला चिकटून सरळ घसरतो. काठीचं टोक वळवलेलं असतं आणि त्याला हलकासा बाक असतो. मैदानी हॉकीत काठीची एकच बाजू चालते, इथे दोन्ही चालतात.

फटक्यांमध्ये सगळ्यात जोरदार तो स्लॅप शॉट. त्यात काठी पकवर थेट बसत नाही. ती पकच्या जरा मागे बर्फावर आपटते, दांडा धनुष्यासारखा वाकतो आणि सरळ होताना साठलेली सगळी ताकद पकमध्ये सोडतो. झेनो चारा या बचावपटूने २०१२ सालच्या ऑल-स्टार कौशल्य स्पर्धेत मारलेला फटका ताशी १०८.८ मैल, म्हणजे सुमारे १७५ किलोमीटर वेगाचा होता. सामन्यात मात्र मनगटाच्या झटक्याने मारलेला रिस्ट शॉट जास्त घातक ठरतो. त्याला काठी मागे न्यावी लागत नाही, त्यामुळे फटका येतोय हे गोलरक्षकाला उशिरा कळतं.

बर्फ असलेलं मैदान म्हणजे रिंक. कॅनडा-अमेरिकेतली व्यावसायिक नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएलमध्ये ते २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असतं. आंतरराष्ट्रीय सामन्यांतलं ६० मीटर लांब असतं आणि रुंदीला ३० मीटरपर्यंत जाऊ शकतं. रुंदीतला हा फरक दिसायला छोटा असला तरी खेळ बदलतो. रुंद रिंकवर पास देत देत पुढे जायला जागा मिळते, अरुंद रिंकवर धडक लवकर बसते. चारही कोपरे गोलाकार असतात आणि भोवती बोर्ड, म्हणजे साधारण कमरेएवढी भिंत, त्यावर पारदर्शक काच. पक भिंतीला लागला तरी खेळ थांबत नाही, उलट कोपऱ्यात मारलेला पक भिंतीच्या कडेकडेने फिरून दुसऱ्या बाजूला निघतो. पट्टीचे खेळाडू भिंतीचा वापर करून स्वतःलाच पास देतात.

गोलजाळीच्या मागेही मैदान आहे, हे नव्या प्रेक्षकाच्या लवकर लक्षात येत नाही. एनएचएलमध्ये जाळीमागे ११ फूट जागा असते. तिथून दिलेला पास गोलरक्षकाला फार त्रास देतो, कारण मागे बघायचं तर समोरचा खेळाडू नजरेआड होतो. वेन ग्रेट्झ्कीने ही जागा इतकी वापरली की लोक तिला त्याचं ऑफिस म्हणू लागले. एनएचएलमध्ये त्याच्या नावावर ८९४ गोल आणि १,९६३ असिस्ट आहेत. गोल होण्याआधी शेवटचा आणि त्याच्या आधीचा पास देणाऱ्या खेळाडूंना असिस्टचं श्रेय मिळतं, आणि गोल व असिस्ट मिळून खेळाडूचे गुण मोजले जातात. ग्रेट्झ्कीचे नुसते असिस्ट बाकी कुठल्याही खेळाडूच्या गोल-असिस्टच्या बेरजेपेक्षा जास्त आहेत. त्याचा गोलांचा विक्रम अलेक्झांडर ओव्हेच्किनने एप्रिल २०२५ मध्ये मोडला, असिस्टच्या विक्रमाच्या मात्र अजून कोणी जवळपासही नाही.

पंचेचाळीस सेकंदांची पाळी

एका वेळी बर्फावर प्रत्येक संघाचे सहा जण असतात: एक गोलरक्षक, दोन बचावपटू, तीन आक्रमक. आक्रमकांमध्ये मधला सेंटर आणि दोन्ही बाजूंना एकेक विंगर. एनएचएलमध्ये सामन्यासाठी दोन गोलरक्षक धरून वीस जणांचा संघ सज्ज असतो, आंतरराष्ट्रीय सामन्यात बावीस. बाकीचे खेळाडू बाकावर बसून फक्त वाट बघतात असं समजू नका. गोलरक्षक सोडला तर हा खेळ सगळ्यांनी पाळीपाळीने खेळायचा आहे.

एक पाळी, म्हणजे शिफ्ट, साधारण ४५ सेकंदांची. पूर्ण ताकदीने वेग घेणं, थांबणं, धडकणं, पुन्हा वेग घेणं हे मिनिटभराच्या वर टिकत नाही, पाय जड व्हायला लागतात. म्हणून तीन आक्रमकांची एक तुकडी, तिला लाइन म्हणतात, अशा चार लाइन आणि बचावपटूंच्या तीन जोड्या आलटून पालटून आत-बाहेर करतात. यासाठी खेळ थांबवावा लागत नाही, पंचाला सांगावं लागत नाही. बाहेर जाणारा बाकाजवळ आला की आत येणारा भिंतीवरून उडी मारतो. घाई झाली आणि बर्फावर एक माणूस जास्त झाला की दोन मिनिटांची शिक्षा ठरलेली.

ही अदलाबदल कधी करायची यात प्रशिक्षकाचं अर्धं कसब आहे. पक समोरच्याच्या भागात खोलवर असताना ती सुरक्षित असते. आपल्याच गोलासमोर अडकलेल्या संघाला ती करताच येत नाही. तिथे दीड मिनिट अडकून पडलेले पाच जण बघा: काठ्या गुडघ्यांवर टेकलेल्या, वळण उशिरा घेतलेलं, पास एक फूट मागे पडलेला. गोल बहुधा त्यानंतरच होतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की शेवटचा फटका भारी होता. खरं तर काम आधीच्या मिनिटाने केलेलं असतं. पहिल्या सामन्यात पकचा पाठलाग करून डोळे दमवण्यापेक्षा कोणता संघ ताजा आहे आणि कोणता दमलाय एवढं ओळखायला शिका. खेळ निम्म्याहून जास्त तिथेच कळतो.

निळ्या रेषेचा पहारा

रिंकवर आडव्या पाच रेषा असतात. मधोमध लाल, तिच्या दोन्ही बाजूंना निळ्या, आणि दोन्ही टोकांना गोलरेषा. निळ्या रेषांमुळे रिंकचे तीन भाग पडतात: आपला बचावाचा, मधला तटस्थ आणि समोरच्याचा, म्हणजे आपल्या आक्रमणाचा.

ऑफसाइडचा नियम एका वाक्यात सांगता येतो. समोरच्याच्या निळ्या रेषेपलीकडे आधी पक जायला हवा, मग आपला माणूस. आता विचारा, हा नियम नसता तर? एखादा खेळाडू सामनाभर समोरच्या गोलापाशी उभा राहिला असता, मागून कोणीतरी लांब पास दिला असता, आणि एवढ्या वेगवान पकला अडवायला कोणी वेळेत पोचलं नसतं. फुटबॉलमध्ये ऑफसाइड बचावपटू कुठे आहेत त्यावर ठरतो, म्हणजे रेषा सतत हलत असते. इथे रेषा बर्फात रंगवलेली आहे, म्हणून समजायला हा नियम सोपा आहे.

खेळाडू आत आहे की बाहेर हे त्याच्या स्केटवरून ठरतं. शरीर पुढे झुकलं, काठी रेषेपलीकडे गेली तरी चालतं. पक संपूर्ण रेषा ओलांडण्याआधी दोन्ही स्केट पूर्णपणे पलीकडे गेले तर ऑफसाइड. एकदा पक आत गेला की आक्रमक तिथे हवा तितका वेळ राहू शकतात. पण बचाव करणाऱ्यांनी पक पूर्णपणे रेषेबाहेर काढला, की आत असलेल्या प्रत्येक आक्रमकाला बाहेर येऊन पुन्हा आत शिरावं लागतं. एका हलक्या ढोशाने मधल्या भागात गेलेल्या पकमागे पाच आक्रमक धडपडत बाहेर येताना दिसतात ते यामुळे.

या रेषेवर काय होतं ते जवळून बघण्यासारखं आहे. समजा, उजवा विंगर पक घेऊन मधल्या भागातून वेगात येतोय. समोर बचावपटू उलटा घसरत मागे हटतोय. तो एकाच वेळी दोन गोष्टी मोजतोय: विंगर आणि भिंत यांच्यातली फट, आणि स्वतःपासून विंगरचं अंतर. अंतर जास्त ठेवलं तर विंगर आरामात रेषा ओलांडून फटका मारील. फार कमी ठेवलं तर एका हुलकावणीत बाजूने निसटेल. दरम्यान डावा विंगर रेषेपाशी पोचलाय आणि पक अजून आत गेलेला नाही. तो एक पाय आत टाकतो, दुसरा पाय रेषेवरच घासत ठेवतो आणि रेषेला समांतर घसरत वेळ काढतो. पक आत सरकला त्या क्षणी तो मोकळा. उजव्याला मात्र बचावपटूने भिंतीकडे दाबलंय. आता त्याच्यासमोर दोन वाटा आहेत. पक ताब्यात ठेवून आत शिरायचा धोका घ्यायचा, किंवा पक कोपऱ्यात भिरकावून द्यायचा आणि त्यामागे धावायचं. पहिल्या वाटेत पक गेला तर लगेच उलटा हल्ला, दुसरीत पक मिळेलच याची खात्री नाही. हे सगळं दोनएक सेकंदांत होतं. सामना बघताना शिकण्यासारखी एकच गोष्ट निवडायची तर मी ही निवडीन: निळ्या रेषेवर कोण पक ताब्यात ठेवून आत शिरतंय आणि कोण नुसता भिरकावतंय.

दुसरा नियम आयसिंगचा. लाल मध्यरेषेच्या अलीकडून, म्हणजे आपल्या अर्ध्या भागातून मारलेला पक कोणाचाही स्पर्श न होता थेट समोरच्या गोलरेषेपलीकडे गेला, तर खेळ थांबतो आणि फेस-ऑफ, म्हणजे पुन्हा सुरुवात, पक मारणाऱ्याच्याच गोलाजवळ होतो. हा नियम नसता तर? पुढे असलेल्या संघाने पक मिळेल तेव्हा दूर टोलवून वेळ काढला असता. १९३७ पर्यंत एनएचएलमध्ये तशीच मोकळीक होती, त्या वर्षी नियम आला. २००५ पासून त्यात आणखी एक मेख आहे: आयसिंग करणाऱ्या संघाला त्या थांब्यात खेळाडू बदलता येत नाहीत. दमलेल्या पाच जणांनी सुटकेसाठी पक दूर मारायचा आणि त्याच दमलेल्या पाच जणांनी आपल्याच गोलासमोर फेस-ऑफला उभं राहायचं. नियम करणाऱ्यांनी शिफ्टचं गणित ओळखून घातलेला हा नियम मला फार आवडतो.

फेस-ऑफ म्हणजे थांबलेला खेळ पुन्हा सुरू करायची पद्धत. दोन सेंटर समोरासमोर वाकून उभे राहतात आणि पंच मध्ये पक टाकतो. ठरलेल्या नऊ ठिपक्यांवरच हा होतो. गोलाजवळच्या ठिपक्यावर ज्याच्या भागात फेस-ऑफ आहे त्याला काठी आधी टेकवावी लागते, म्हणजे आक्रमण करणाऱ्याला डोळ्याच्या पापणीइतका फायदा मिळतो. फेस-ऑफ जिंकून पक मागे बचावपटूकडे, तिथून लगेच फटका, असे गोल दर आठवड्याला दिसतात.

चूक एकाची, शिक्षा संघाला

काठीने पाय अडकवणं म्हणजे ट्रिपिंग, काठी अंगात गुंतवून ओढणं म्हणजे हूकिंग, काठीने फटका मारणं म्हणजे स्लॅशिंग, हाताने धरणं म्हणजे होल्डिंग, पक नसलेल्याला अडवणं म्हणजे इंटरफिअरन्स. काठी खांद्याच्या वर नेऊन कोणाला लावली की हाय-स्टिकिंग. आपल्या भागातून पक थेट काचेवरून प्रेक्षकांत मारला तर तीही चूक, कारण तो खेळ लांबवण्याचा सोपा मार्ग झाला असता. या सगळ्या किरकोळ गुन्ह्यांना दोन मिनिटं. खेळाडू पेनल्टी बॉक्समध्ये जाऊन बसतो आणि त्याच्या जागी दुसरा कोणी येत नाही. गोलरक्षक सोडून संघ चार खेळाडूंनिशी खेळतो, समोरचे पाच. याला पॉवर प्ले म्हणतात. गंभीर गुन्ह्याला पाच मिनिटं.

पॉवर प्लेमध्ये गोल झाला की दोन मिनिटांची शिक्षा तिथेच संपते आणि बसलेला खेळाडू परत येतो. पूर्वी तसं नव्हतं, दोन मिनिटं पुरी भरावी लागत. नोव्हेंबर १९५५ मध्ये माँट्रियल कॅनेडियन्सच्या जाँ बेलिव्होने बॉस्टनविरुद्ध एकाच पॉवर प्लेमध्ये ४४ सेकंदांत तीन गोल केले. त्या काळात माँट्रियलचा पॉवर प्ले इतका भारी होता की पुढच्या मोसमापासून लीगने नियमच बदलला. पाच मिनिटांची शिक्षा मात्र आजही कितीही गोल झाले तरी पूर्ण भोगावी लागते. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या महिलांच्या व्यावसायिक लीगने यात एक गमतीदार भर घातली आहे: कमी खेळाडू असलेल्या संघाने त्या दोन मिनिटांत गोल केला, तर त्यांच्या खेळाडूची शिक्षा लगेच संपते. बचाव करणाऱ्यालाही हल्ला करायची ओढ लागते आणि पॉवर प्ले दोन्ही बाजूंनी जिवंत होतो. इतर लीगांनी हे उचलायला हवं.

चार जणांनी पाच जणांना कसं थोपवायचं? ते गोलासमोर चौकोन करून उभे राहतात आणि मधली जागा बंद ठेवतात. पास बाहेरून बाहेर फिरू देतात, फटका आला तर अंगावर घेतात. एक सवलतही आहे: एनएचएलमध्ये आणि आंतरराष्ट्रीय नियमांत कमी खेळाडू असताना आयसिंग लागू होत नाही. म्हणून पॉवर प्लेच्या वेळी बचाव करणारे पक हाती लागला की सरळ पलीकडच्या टोकाला मारून देतात, आणि तेवढ्यात दमलेले बाहेर, ताजे आत.

पंचाने हात वर धरला आहे पण शिट्टी वाजत नाही, असं दृश्य अनेकदा दिसतं. ती राखून ठेवलेली शिक्षा. गुन्हा झाला आहे, पण ज्यांच्याविरुद्ध झाला त्यांच्याच ताब्यात पक असल्यामुळे खेळ थांबवला तर त्यांचंच नुकसान. गुन्हेगार संघाने पक ताब्यात घेतला की शिट्टी. तोवर त्यांना गोल करता येणं जवळजवळ अशक्य असतं, म्हणून पक असलेल्या संघाचा गोलरक्षक धावत बाकाकडे येतो आणि त्याच्या जागी सहावा आक्रमक उडी मारतो.

शरीराने धडक देणं, म्हणजे बॉडीचेक, पुरुषांच्या हॉकीत कायदेशीर आहे, पण अटी कडक आहेत. धडक पक असलेल्यालाच द्यायची, खांद्याने किंवा कमरेने, समोरून वा बाजूने. पाठीमागून भिंतीवर ढकलणं, डोक्यावर आघात करणं, लांबून उडी घेऊन आदळणं हे गुन्हे आहेत. धडकेचा हेतू पकपासून माणूस वेगळा करणं हा आहे. महिलांच्या आंतरराष्ट्रीय हॉकीत मुद्दाम दिलेल्या जोरदार धडकांवर दीर्घकाळ बंदी राहिली आणि त्यामुळे तिथला खेळ पासिंगवर जास्त उभा राहिला. नवख्या प्रेक्षकाला तो समजायलाही सोपा जातो. हाणामारीबद्दल लोक हमखास विचारतात, तर एनएचएलमध्ये तिला पाच मिनिटांची शिक्षा आहे, आणि आंतरराष्ट्रीय सामन्यात खेळाडू सरळ बाहेर जातो. माझ्या मते दुसरी पद्धत योग्य आहे.

गोलरक्षक

जाळी सहा फूट रुंद आणि चार फूट उंच. तिच्यासमोर उभा असलेला माणूस सामन्याचा निकाल इतर कोणाही खेळाडूपेक्षा जास्त ठरवतो. एनएचएलच्या सामन्यात एका गोलरक्षकावर साधारण तीसेक फटके येतात आणि त्यातले दहापैकी नऊ अडवणं ही किमान अपेक्षा असते. एका हातात झेल घ्यायचा मोठा ग्लव्ह, दुसऱ्या हातावर सपाट ब्लॉकर, पायांवर रुंद पॅड. गुडघे बर्फावर टेकवून दोन्ही पाय बाहेर पसरायचे आणि जाळीचा खालचा भाग बंद करायचा, ही आजची रूढ पद्धत.

गोलरक्षक जाळीतून बाहेर पुढे येतो ते बघून नव्या माणसाला धडकी भरते. पण त्यामागे साधी भूमिती आहे. फटका मारणाऱ्याच्या जितकं जवळ जावं तितकी त्याला जाळी कमी दिसते. उलट फार पुढे आलं आणि त्याने बाजूला पास दिला तर मागे सगळी जाळी उघडी. किती पुढे यायचं हा अंदाज घेण्यातच त्याचा सामना जातो. म्हणून आक्रमक संघ फटक्याच्या ताकदीपेक्षा दोन गोष्टींवर भर देतो: गोलरक्षकासमोर एक धिप्पाड माणूस उभा करून त्याला पक दिसू न देणं, आणि येणाऱ्या पकला शेवटच्या क्षणी काठीने हलका धक्का लावून दिशा बदलणं. अशा वेळी काठी जाळीच्या वरच्या दांड्याहून उंच असेल तर गोल धरत नाहीत. पाय मारून घातलेला गोलही चालत नाही, पण स्केटला लागून पक आपोआप आत गेला तर चालतो.

आज हे सगळे गोलरक्षक मुखवट्यात दिसतात, पण फार काळ ते उघड्या चेहऱ्याने खेळत. १ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये अँडी बाथगेटचा फटका माँट्रियलच्या जाक प्लांटच्या तोंडावर बसला. टाके घालून तो परतला तो फायबरग्लासचा मुखवटा घालूनच. सरावात तो आधीपासून वापरत होता, सामन्यात घालायला प्रशिक्षकाचा विरोध होता. त्या वेळी संघाकडे दुसरा गोलरक्षक तयार नसे, त्यामुळे प्लांटचं म्हणणं मानण्यावाचून गत्यंतर नव्हतं. माँट्रियलने तो सामना जिंकला, आणि मुखवटा घातलेला घाबरट हा समज हळूहळू मावळला.

वेळ आणि निकाल

सामना वीस मिनिटांच्या तीन भागांचा. भागाला पीरियड म्हणतात. शिट्टी वाजली की घड्याळ थांबतं, त्यामुळे साठ मिनिटांच्या खेळाला प्रत्यक्षात अडीच तास जातात. मध्यंतरात बर्फाची डागडुजी करणारं झँबोनी यंत्र फिरतं. फ्रँक झँबोनी यांनी ते १९४९ मध्ये कॅलिफोर्नियात तयार केलं. ते बर्फाचा वरचा थर तासतं, भुगा गोळा करतं आणि मागे गरम पाण्याचा पातळ थर सोडत जातं. गरम पाणी चिरांमध्ये नीट शिरतं आणि गुळगुळीत गोठतं. पीरियडच्या सुरुवातीला पास अचूक जातात आणि शेवटी पक अडखळतो, यात बर्फाचाही हात असतो.

साठ मिनिटांनंतर बरोबरी असेल तर एनएचएलच्या साखळी सामन्यात पाच मिनिटांचा जादा वेळ, आणि त्यात दोन्हीकडे गोलरक्षक सोडून फक्त तीन-तीन खेळाडू. गोल झाला की सामना संपला. नाही झाला तर शूटआउट: एकेक खेळाडू एकटा गोलरक्षकावर चालून जातो. जिंकणाऱ्याला दोन गुण, जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये हरणाऱ्याला एक. बाद फेरीत मात्र शूटआउट नाही. पाच-पाच खेळाडूंनी वीस-वीस मिनिटांचे पीरियड गोल होईपर्यंत खेळत राहायचे. मार्च १९३६ मध्ये डेट्रॉइट रेड विंग्स आणि माँट्रियल मरून्स यांचा सामना सहाव्या जादा पीरियडपर्यंत चालला. ११६ मिनिटं ३० सेकंदांचा जादा खेळ झाल्यावर मड ब्रुनेटोने सामन्यातला एकमेव गोल केला. एनएचएलमध्ये याहून लांब सामना अजून झालेला नाही.

शेवटच्या दोन-तीन मिनिटांत एका गोलाने मागे असलेला संघ गोलरक्षकाला बाहेर बोलावतो आणि सहावा आक्रमक आत पाठवतो. मागे जाळी पूर्ण रिकामी. पहिल्यांदा बघणाऱ्याला हा वेडेपणा वाटतो, पण एका गोलाने हरणं आणि दोन गोलांनी हरणं यांची किंमत गुणतक्त्यात सारखीच असते, बरोबरी साधली तर एक गुण तरी पक्का. अलीकडे प्रशिक्षक हा निर्णय पूर्वीपेक्षा लवकर घेऊ लागले आहेत, आणि हिशोब त्यांच्याच बाजूने आहे.

बघायचं कुठून

बंदिस्त रिंकवरचा पहिला आयोजित सामना ३ मार्च १८७५ रोजी माँट्रियलच्या व्हिक्टोरिया रिंकवर झाला, तेव्हा प्रत्येक संघात नऊ-नऊ खेळाडू होते. कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ली यांनी १८९२ मध्ये दिलेला चषक आज एनएचएलच्या विजेत्याला मिळतो. १९१७ मध्ये सुरू झालेल्या या लीगमध्ये आता कॅनडा आणि अमेरिकेतले ३२ संघ आहेत. मोसम ऑक्टोबरपासून सुरू होतो आणि स्टॅन्ली कपची बाद फेरी जूनपर्यंत चालते, प्रत्येक फेरीत जास्तीत जास्त सात सामन्यांची मालिका. आंतरराष्ट्रीय खेळ १९२० मध्ये अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये आला, म्हणजे हिवाळी ऑलिंपिक सुरू होण्याच्याही आधी. महिलांना १९९८ मध्ये नागानोत संधी मिळाली.

सुरुवातीला बाद फेरीचा सामना निवडा. त्याच दोन संघांची सलग गाठ पडत असल्याने खेळाडूंचे चेहरे आणि लाइन ओळखीच्या होतात, आणि कोणता प्रशिक्षक कोणाच्या पाळीसमोर कोणाला उतरवतोय हे दिसू लागतं. पहिला पीरियड नुसता बघा. दुसऱ्यात एक बचावपटू निवडा आणि त्याच्या पाचसहा पाळ्यांमध्ये पक कुठेही असो, नजर त्याच्यावरच ठेवा. रिंकवर प्रत्यक्ष जायची संधी मिळाली तर काचेला चिकटून बसायचा मोह टाळा. तिथून धडका छान दिसतात, पण तिन्ही भाग एका नजरेत येतात ते वरच्या रांगेतूनच.